उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का? शाळेत शिकूनही आपलं आकाश कच्चं का राहतं

एक छोटा प्रयोग करून बघा. घरातल्या सातवी-आठवीतल्या भाच्याला किंवा पुतणीला विचारा, "उन्हाळ्यात एवढं गरम का होतं?"

मी हा प्रश्न आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सातवीतली चुलतबहीण म्हणाली, "सूर्य जवळ येतो म्हणून." इंजिनिअर असलेल्या दादानेही तेच लिहिलं. काकांनी त्याला अंगठा दाखवून दुजोरा दिला. आणि खरं सांगायचं तर, कॉलेज संपेपर्यंत माझंही उत्तर हेच होतं. गंमत म्हणजे शाळेच्या परीक्षेत मी "पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे ऋतू होतात" असं लिहून पूर्ण मार्क घेतले होते.

म्हणजे पेपरात एक उत्तर आणि डोक्यात दुसरं. असं का होतं? आणि मुलांना पृथ्वी आणि आकाश खरंच कळावं असं वाटत असेल, तर काय करता येईल? चला, समजून घेऊ.

आधी खरं उत्तर

पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा हे अंतर साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात लांब, म्हणजे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. म्हणजे आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा सूर्य जवळ असतो.

या अंतराचा फरक तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. पण ऋतू त्याने ठरत नाहीत. तसं असतं तर सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. डिसेंबरमध्ये आपल्याकडे थंडी असते आणि ऑस्ट्रेलियात लोक समुद्रावर नाताळ साजरा करतात, ते मग जमलंच नसतं.

ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. पृथ्वीचा जो अर्धा भाग सूर्याकडे झुकलेला असतो, तिथे ऊन जास्त सरळ पडतं आणि दिवसही मोठा असतो. सरळ पडणारं ऊन थोड्या जागेत एकवटतं, तिरपं ऊन जास्त जागेत पसरतं. बस, एवढंच.

हार्वर्डवालेही चुकले होते

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाची एक छोटी फिल्म आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, हे विचारलं गेलं. त्यातल्या २१ जणांनी चुकीचं उत्तर दिलं, तेही अगदी आत्मविश्वासाने. बऱ्याच जणांचं म्हणणं आमच्या ग्रुपसारखंच होतं.

यातून शिक्षण क्षेत्रात एक गोष्ट चर्चेला आली. मूल वर्गात येतं तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. त्याच्या डोक्यात आधीच एक स्पष्टीकरण असतं. शेकोटीजवळ गेलं की गरम लागतं, म्हणजे सूर्य जवळ आला की गरम होणार, हा साधा हिशोब आहे. अनुभवातून आलेला हा हिशोब पुस्तकातल्या एका ओळीने पुसला जात नाही. ती ओळ पाठ होते आणि जुना हिशोब तिच्याखाली तसाच राहतो.

पृथ्वी गोल आहे, पण आपण नक्की कुठे राहतो?

१९९२ मध्ये स्टेला व्होस्निआडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेतल्या ६० मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. "पृथ्वीचा आकार कसा आहे?" म्हटलं की मुलं पटकन "गोल" म्हणायची. पण पुढचे प्रश्न विचारल्यावर वेगळंच बाहेर आलं. काही मुलांच्या मते पृथ्वी थाळीसारखी गोल होती. काहींना वाटत होतं की पृथ्वी हा पोकळ गोळा आहे आणि आपण त्याच्या आत, सपाट जमिनीवर राहतो. काहींच्या तर दोन पृथ्व्या होत्या: एक आपल्या पायाखालची सपाट आणि दुसरी आकाशातली गोल, जी पुस्तकात दिसते.

नंतर हैदराबादच्या मुलांसोबतही असाच अभ्यास झाला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही मुलांच्या मनातली पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती. घरात ऐकलेल्या गोष्टींचा हा परिणाम असणार.

यात मुलांचं चुकतंय असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण नीट बघितलं तर मुलांनी डोकं चालवलंय. "जमीन सपाट दिसते" आणि "बाई म्हणतात पृथ्वी गोल आहे", या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरतील असा मार्ग त्यांनी काढलाय. शिक्षकाने "गोल" हे उत्तर ऐकून पान उलटलं, तर हे कधी कळतच नाही.

चित्रांनी केलेली गडबड

आता सूर्यमालेचं नेहमीचं चित्र आठवा. मध्ये सूर्य, बाजूने लांबुळक्या अंडाकृती रेषा आणि त्यावर बसलेले ग्रह. पृथ्वीची कक्षा प्रत्यक्षात जवळपास वर्तुळच आहे. पण चित्रात ती तिरक्या बाजूने दाखवतात, म्हणून लांबट दिसते. मूल ते चित्र बघतं आणि म्हणतं, "बघा, इथे पृथ्वी सूर्याच्या जवळ आहे, म्हणजे इथे उन्हाळा."

दुसरी गडबड मापाची. पानावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र शेजारी शेजारी बसवावे लागतात. खरं माप कळायला स्वयंपाकघरातलं सामान पुरतं. चार मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा म्हणजे पृथ्वी समजा. मग:

- चंद्र म्हणजे मोहरीचा बारीक दाणा, ज्वारीच्या दाण्यापासून साधारण १२ सेंटीमीटरवर.
- सूर्य म्हणजे जमिनीवर खडूने काढलेलं साधारण ४४ सेंटीमीटर रुंदीचं वर्तुळ.
- सूर्य आणि पृथ्वीमधलं अंतर साधारण ४७ मीटर. म्हणजे शाळेच्या मैदानाचं एक टोक ते दुसरं टोक.
- नेपच्यून साधारण १.४ किलोमीटरवर, म्हणजे बहुधा गावाबाहेर.
- आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? याच मापाने तो सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर जाईल. खऱ्याखुऱ्या पृथ्वीचा व्यास जवळपास तेवढाच आहे.

हा खेळ मैदानावर अर्ध्या तासात होतो. हातात दाणा घेऊन ४७ मीटर चालत गेलेलं मूल "अंतराळ खूप मोठं आहे" हे वाक्य वेगळ्या पद्धतीने ऐकतं.

महाराष्ट्रातल्या मुलाचा गोंधळ जास्त का?

ऋतूंचं जे स्पष्टीकरण आपण शिकतो, ते युरोपात सरळ लागू पडतं. लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला आठ तासांपेक्षाही कमी. तिथल्या मुलाला फरक डोळ्यांनी दिसतो. पुण्यात मोठ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा.

त्यात आपल्याकडे पावसाळा. पुस्तक सांगतं, २१ जून हा उत्तर गोलार्धातला सगळ्यात मोठा दिवस, तेव्हा सूर्य कर्कवृत्तावर असतो. मूल खिडकीबाहेर बघतं तर पाऊस पडतोय, हवा गार आहे आणि खरा उन्हाळा मे महिन्यातच संपलाय. मग पुस्तक खरं की खिडकी?

दोन्ही खरं आहे. जूनमध्येही पुण्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावरच असतो, पण ढग आणि पाऊस हवा थंड करतात. म्हणजे आपल्या ऋतूंना अक्षाच्या कलाबरोबर मान्सूनही जोडावा लागतो. ही जोडणी वर्गात झाली नाही, तर मुलाला वाटतं की भूगोल हा कुठल्या तरी दुसऱ्या देशाचा विषय आहे.

एक काठी, बाकी काही नको

हे सगळं तपासायला दुर्बीण लागत नाही. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा आणि खडू पुरे. काठी उभी रोवायची आणि दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सगळ्यात आखूड सावली पडते ती वेळ म्हणजे तुमच्या गावची खरी दुपार.

इथेच पहिला धक्का बसतो. ही वेळ बाराची नसते. पुण्यात ती साडेबाराच्या पुढे-मागे येते, नागपुरात सव्वाबाराच्या आसपास. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला राहतो.

दुसरा धक्का वर्षभरात बसतो. पुण्यात या एक मीटर काठीची दुपारची सावली साधारण अशी पडेल:

- २२ डिसेंबर: ९० सेंटीमीटर, उत्तरेकडे
- २१ मार्च: ३३ सेंटीमीटर, उत्तरेकडे
- १३-१४ मे: शून्य
- २१ जून: ८-९ सेंटीमीटर, पण दक्षिणेकडे

"दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो" हे आपण सगळेच म्हणतो. पण महाराष्ट्रात तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून फक्त दोनदा. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कोल्हापुरात तो ६-७ मेच्या आसपास येतो, मुंबईत १५-१६ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीत असा दिवस कधीच येत नाही.

अडचण एवढीच की पहिला शून्य सावली दिवस शाळेच्या उन्हाळी सुट्टीत येतो आणि दुसरा जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवतो. म्हणून काठी रोवायला त्या दिवसाची वाट बघू नका. महिन्यातून एकदा, एकाच तारखेला नोंद घेतली तरी वर्षाअखेरीला वर्गाच्या भिंतीवर ऋतूंचा आलेख तयार होतो.

सोबत टॉर्च आणि चौकटीची वही घ्या. टॉर्च सरळ धरून उजळलेले चौकोन मोजा, मग तिरका धरून मोजा. प्रकाश तेवढाच, पण चौकोन जास्त. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी जमिनीच्या तेवढ्याच तुकड्यावर मेच्या तुलनेत साधारण तीन चतुर्थांश ऊन पडतं, ते याच कारणाने.

आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा एक चांगला उपयोग सांगतो. कोल्हापूर आणि नाशिक जवळपास एकाच रेखांशावर आहेत. २१ मार्चला दोन्हीकडच्या शाळांनी सावली मोजली, तर कोल्हापुरात ती ३० सेंटीमीटर आणि नाशिकमध्ये ३६ सेंटीमीटरच्या आसपास येईल. या फरकातून कोन निघतो साधारण ३.३ अंशांचा. दोन शहरांमधलं उत्तर-दक्षिण सरळ अंतर आहे साधारण ३६५ किलोमीटर. ३.३ अंशांना ३६५, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतं, म्हणजेच पृथ्वीचा परीघ. एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हीच युक्ती वापरली होती.

चंद्राचा डेटा भिंतीवर टांगलेला आहे

चंद्राच्या कला का दिसतात? "पृथ्वीची सावली पडते म्हणून" हे दुसरं लोकप्रिय चुकीचं उत्तर. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात.

हे तपासायची जागा म्हणजे शाळेची सकाळची प्रार्थना. कृष्ण अष्टमीच्या आसपास सकाळी आठला अर्धा चंद्र पश्चिमेच्या बाजूला उंच दिसतो आणि पूर्वेला सूर्य असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे क्षितिजाखाली गेलेली असते. ती चंद्रावर पडणार कशी?

आता एक लिंबू किंवा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी, उन्हात धरा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसेल, तेवढाच चंद्राचाही दिसेल. सूर्य नेहमीच चंद्राचा अर्धा भाग उजळतो, आपल्याला त्यातला किती दिसतो एवढाच प्रश्न आहे. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

मराठी घरात तर चंद्राची नोंदवही तयारच असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. नंतर तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो. म्हणून संकष्टीला आजी नऊ-साडेनऊपर्यंत ताट घेऊन थांबते. आणि कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाच्या वेळा शहरागणिक वेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा. नागपूरच्या मावशीचा उपास मुंबईच्या आत्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी सुटतो. पृथ्वी गोल असून पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, याचा हा घरातला पुरावा आहे.

मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या मुलांसोबत याच विषयावर काम केलं. चित्र आणि प्रतिकृती यांच्यामध्ये हातवारे आणि शरीराच्या हालचालींचा पूल बांधायचा, ही त्यांची पद्धत. मुलाने स्वतः पृथ्वी होऊन गिरकी घेतली, तर दिवस-रात्र कशी होते हे त्याला आतून कळतं.

पायाखालचा दगडही बोलतो

आकाशाइतकंच दुर्लक्ष जमिनीकडेही होतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर उभा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक बनला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्या दिसतात ना? ते हे थर. अजिंठा-वेरूळ याच दगडात कोरलंय, आपली काळी कापसाची माती याच दगडाची झाली आहे. विहीर खणताना माती, मुरूम आणि मग कातळ लागतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला माहीत असतं. वर्गात त्याला हे कोणी विचारत नाही.

याची किंमत फक्त मार्कांत मोजायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. त्यातली बरीचशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड छतं अंगावर कोसळून गेली. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. डोंगरउतारावर नव्या भेगा पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं ही दरडीआधीची लक्षणं असू शकतात. डोंगराखालच्या शाळेत हे पाठ असायला हवं.

मुलांना शिकवून काय होतं? २६ डिसेंबर २००४ ला थायलंडच्या फुकेतमध्ये १० वर्षांची टिली स्मिथ ही ब्रिटिश मुलगी आई-बाबांसोबत किनाऱ्यावर होती. समुद्राला विचित्र फेस येताना तिने पाहिला. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीची लक्षणं शिकली होती. तिने आरडाओरडा केला, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसं वाचली.

मग अडतं कुठे?

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. एक, पृथ्वी आणि आकाश हा आपल्याकडे एक विषयच नाही. अर्धा भाग भूगोलात, अर्धा विज्ञानात. त्यामुळे ऋतू शिकवणाऱ्या बाई वेगळ्या आणि प्रकाश शिकवणारे सर वेगळे. दोन, शाळा दिवसा भरते आणि तारे रात्री दिसतात. तीन, सावलीची नोंद घ्यायला वर्ष लागतं, धडा मात्र चार तासिकांत संपवायचा असतो. आणि चार, परीक्षेत "अक्ष कललेला आहे" एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

तरी मदत आहे. पुण्यातली 'आयुका', तिथलीच १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं नेहरू तारांगण शाळांसाठी दारं उघडी ठेवतात. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून बनणारी विज्ञान खेळणी इंटरनेटवर मोफत आहेत. रात्रीच्या आकाशासाठी 'स्टेलेरियम' हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

एक तारीख लिहून ठेवा

२ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी स्पेनपासून इजिप्तपर्यंत खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. महाराष्ट्रात ते दुपारनंतर खंडग्रास असेल. ढगांनी साथ दिली तर सूर्याचा चावलेल्या भाकरीसारखा आकार आपल्यालाही दिसेल.

वार सोमवार आहे, म्हणजे शाळेचा दिवस. अनेक ठिकाणी ग्रहण म्हटलं की मुलांना आत घेऊन खिडक्या लावल्या जातात. एक कारण भीतीचं, दुसरं डोळ्यांच्या काळजीचं. दुसरं कारण योग्य आहे, पण त्यावर उपाय आहे. उघड्या डोळ्यांनी, गॉगलमधून किंवा एक्स-रे फिल्ममधून बघायचं नाही. प्रमाणित ग्रहण चष्मा वापरायचा. तो नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून, सूर्याकडे पाठ करून, सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची. ऊन असेल तर झाडाखालच्या कवडशांमध्येही शेकडो छोटी ग्रहणं दिसतात.

त्या दुपारी तुमच्या मुलांच्या शाळेत खिडक्या लावणार की पुठ्ठे वाटणार? पुढच्या पालकसभेत एकदा विचारून बघा. आणि तोपर्यंत अंगणात एक काठी रोवून ठेवा.